खानावळीचा सर्व्हर

आमच्या घरात रविवार दोन होते. माझा रविवार रविवारी यायचा, नवऱ्याचा गुरुवारी. तो चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत आहे, आणि त्या पट्ट्यातल्या बहुतेक कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. मी पिंपळे गुरवला संगणकाचे क्लास घेते. माझे विद्यार्थी शाळा-कॉलेजातले, त्यामुळे माझी सुट्टी जगाबरोबर असायची. लग्नाला वीसेक वर्षं झाली. सणवार सोडले तर दोघं एकाच दिवशी घरात निवांत बसलोय असं क्वचितच झालं. तो बुधवारी संध्याकाळी फोन करून सांगायचा, "आज माझा शनिवार, उशीर होईल." मला त्याची इतकी सवय झाली की त्यात काही सांगण्यासारखं आहे असं वाटायचंच नाही.

तो बुधवारी जेवायला थांबायचा ते त्याच्या वहिनीकडे, कुरुळीला. माझी मोठी जाऊ. आम्ही तिला अक्का म्हणतो. दीर एका कंपनीत सुरक्षारक्षक आहेत आणि अक्का खानावळ चालवते. लातूरकडून आलेल्या चार पोरांना ती आधी घरातच वाढायची, त्याची खानावळ झाली. पत्र्याची शेड, लांब बाकं, मागे दोन शेगड्या आणि भिंतीला टेकवलेली पिठाची मोठी कोठी. तिचं एकच वाक्य त्या भागात सगळ्यांना पाठ आहे: "माझ्या दारातनं कुणी उपाशी जात न्हाई." हे ती बढाई म्हणून सांगत नाही. कुणी विचारलं की खानावळ कशी चालते, तर उत्तर म्हणून सांगते.

मी त्या घरातून निघून आले होते, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. लग्नानंतर आम्ही सगळे कुरुळीतच दोन खोल्यांत राहायचो. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा मी मुलीच्या शाळेचं आणि क्लासचं कारण काढून पिंपळे गुरवला जागा बघितली. कारण खोटं नव्हतं. पण खरं कारण ते नव्हतं. मला ते होत नव्हतं, इतकंच. सासूबाईंचं शेवटपर्यंत सगळं अक्कानं केलं. तिनं मला कधी एका शब्दानं टोचलं नाही, आणि ते टोचण्यापेक्षा जास्त लागलं. सणाला जायचे, स्वयंपाकाला हात लावायचे, परत यायचे. तिला काही द्यावं असं फार वाटायचं. काय द्यावं ते सुचत नव्हतं.

मग एका दिवाळीत तिच्याकडे गेले असताना पाहिलं, पिठाचे हात तसेच, आणि कोपरानं फोन सरकवत ती ग्रुपवरचे निरोप वाचत होती. त्या ग्रुपवर पोरं सांगायची की आज जेवणार की नाही, की डबा ठेवायचा. मध्येच कुणी गुड मॉर्निंगची फुलं टाकायचा, कुणी विनोद, कुणी नुसता अंगठा.

"ह्या अंगठ्याचा अर्थ काय लावायचा?" अक्का म्हणाली. "जेवणार म्हणून हाय, का फुलं आवडली म्हणून?"

मी म्हणाले, "मी तुम्हाला एक अ‍ॅप करून देते."

"मला अ‍ॅप नगं. किती जणांचं पीठ मळायचं तेवढा आकडा दे."

तेवढाच दिला. पोरांच्या फोनवर तीन बटणं: जेवणार, डबा, नाही. बुधवारी चौथं, चिकनचं, कारण त्या दिवशी चिकन असतं. आणि पिठाच्या कोठीवर भिंतीत एक जुना टॅबलेट ठोकला, त्यावर नुसता आकडा. शेडच्या दारातूनही दिसेल एवढा मोठा.

अ‍ॅप लिहिणं अवघड गेलं नाही. मी क्लासमध्ये तेच शिकवते. प्रश्न होता ते ठेवायचं कुठे. जे फोनवरून चोवीस तास उघडायला हवं, ते कुठल्यातरी सतत चालू असलेल्या संगणकावर ठेवावं लागतं, आणि तो संगणक, म्हणजे सर्व्हर, भाड्यानं घ्यावा लागतो. मी एक फुकटची जागा शोधली. अशा पुष्कळ आहेत. नवख्यांना सवय लागावी म्हणून कंपन्या देतात. अक्काला फोन करून सांगितलं, "एक रुपयासुद्धा लागणार नाही." ते सांगताना माझा आवाज कसा होता ते मला अजून आठवतं. नवऱ्यालाही दोनदा ऐकवलं.

फुकटच्या जागेचा एक नियम असतो. काही वेळ कुणी फिरकलं नाही की तुमचं अ‍ॅप झोपतं, आणि पुढच्या माणसानं दार वाजवलं की डोळे चोळत उठतं. अर्धा मिनिट, कधी एक मिनिट. क्लासमध्ये विद्यार्थ्यांना मी हेच शिकवत आले की शिकण्यापुरतं एवढं चालतं.

पण कारखान्यात फोन आत नेऊ देत नाहीत, गेटवरच्या कप्प्यांत ठेवून जावं लागतं. शिफ्ट सुटली की सगळे एकदम कप्प्यांवर तुटून पडतात, आणि बसमध्ये चढता चढता फोन उघडतात. म्हणजे दुपारभर माझ्या अ‍ॅपकडे कोणी बघायचं नाही, ते गाढ झोपायचं, आणि मग एकाच वेळी चाळीस-पन्नास जण दार वाजवायचे. पडदा पांढरा. पोरं बटण दाबायची, परत दाबायची. जागं झाल्यावर अ‍ॅपनं सगळी दाबणी इमानेइतबारे मोजली. पहिल्याच आठवड्यात टॅबलेटवर असा आकडा आला की अक्कानं दिरांना विचारलं, "गावात कुणाचं लगीन हाय का?"

तरी तिनं त्या आकड्याचं पीठ मळलं. कारण मी सांगितलं होतं की आकड्यावर भरवसा ठेवा.

ती चूक मी त्याच दिवशी दुरुस्त केली; एका माणसाचं एकच मत, कितीही दाबा. उरलेल्या भाकरी दुसऱ्या दिवशी कुस्करा करून पोरांनीच खाल्ल्या आणि माझ्या नावानं हसले. त्यांच्यातल्या एकानं नवऱ्याला ऐकवलं, "भाऊ, वहिनींना सांगा, बटण दाबलं की भाकरी वाढते, पगारासाठी पण एक बटण करा." मीही हसले. आणि अ‍ॅप झोपूच नये म्हणून घरचा एक जुना फोन कामाला लावला. तो दर काही मिनिटांनी आपोआप अ‍ॅपचं दार वाजवायचा. क्लासच्या हजेरीचं माझं अ‍ॅपही त्याच फुकट खात्यात होतं. सगळं सुरळीत चाललं. मला वाटलं, जमलं.

फुकटच्या जागेचा दुसरा नियम मी वाचला होता, पण मनावर घेतला नव्हता. महिन्याला ठरावीक तास. झोपलेलं अ‍ॅप तास खात नाही, जागं असलेलं खातं. माझी दोन अ‍ॅप त्या एकाच वाट्यावर जगत होती, आणि त्यातल्या एकाला मी झोपूच देत नव्हते.

एका महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मेल आला: तास संपत आले आहेत, संपल्यावर एक तारखेपर्यंत सेवा बंद राहील, चालू ठेवायची असेल तर पैसे भरून प्लॅन घ्या.

मी मेल नीट वाचला. समजला. आणि अक्काला फोन केला नाही.

का केला नाही, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पैसे फार नव्हते. पण मी तिला एक रुपया लागणार नाही म्हणून सांगितलं होतं. आता भाडं लागेल म्हणायचं, म्हणजे माझी निवड चुकली म्हणायचं. मी वही घेऊन गणित मांडलं: दार वाजवणारा फोन बंद करायचा, हजेरीचं अ‍ॅप झोपू द्यायचं, म्हणजे उरलेले तास पुरतात. शनिवार-रविवारची गर्दी होऊन गेली, आता आठवड्याचे मधले दिवस, कमी वापराचे. कुठल्याही पुस्तकात असंच लिहिलेलं असतं.

मी बुधवारला बुधवार समजले.

बायको म्हणून मला सगळं ठाऊक होतं. बुधवार म्हणजे त्या पट्ट्याचा शनिवार. दुसऱ्या दिवशी सुट्टी, पण सुट्टीचा वार गुरुवार, म्हणजे दत्ताचा, स्वामींचा. निम्म्या पोरांचा उपास, बाकीच्यांना घरच्यांनी घातलेली शपथ. म्हणून आठवड्याचं सामिष सगळं बुधवारी रात्रीच उरकायचं. पाहुणे बुधवारी येतात. रूमवरचा मित्र, गावाकडचा भाऊ, सगळ्यांना घेऊन पोरं खानावळीत येतात. माझा स्वतःचा नवरा बुधवारी तिथे जेवतो. हे मला घरात माहीत होतं. संगणकासमोर बसले की मी रविवारवाली बाई होते.

त्या बुधवारी दुपारपासूनच पोरं अ‍ॅप उघडत होती. रात्रपाळीवाले उठून बघत होते, चिकन सुकं की रस्सा. अ‍ॅप क्षणभर झोपलं नाही. पाच वाजता तास संपले. जनरल शिफ्ट साडेपाचला सुटते.

गेटवर पोरांनी फोन घेतले, बटणं दाबली. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं. त्यांना वाटलं, पोचलं. कुरुळीत पिठाच्या कोठीवर पाच वाजताचा आकडा तसाच राहिला, ठळक, स्वच्छ, खात्रीचा. अक्कानं त्याच्यावर भरवसा ठेवला.

मी त्या वेळी क्लासमध्ये होते. नवऱ्याचा फोन आला. मागे भांड्यांचा आवाज.

"तुझं ते बंद पडलंय का?"

"का?"

"माणसं दुप्पट आलीत. चिकन कधीच संपलं. वहिनीनं पिठलं टाकलंय, पण भाकऱ्या पुरेनात. तिघं-चौघं हायवेच्या ढाब्यावर गेली."

"अक्का काय म्हणतात?"

"भाकऱ्याच थापतायत," तो म्हणाला. "पोरांना स्वतः म्हणाल्या, जावा, आज न्हाई."

फोन ठेवल्यावर मी फळ्याकडे वळले आणि काय शिकवत होते ते मला आठवेना. मुलांना लवकर सोडलं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. क्लासच्या दारावर सुट्टीची चिठ्ठी लावली आणि नवऱ्याच्या मागे स्कूटरवर बसले. कित्येक वर्षांत त्याच्या सुट्टीच्या दिवशी त्याच्याबरोबर कुठे गेले नव्हते. मोशी ओलांडल्यावर रस्ता रिकामा लागला. गुरुवारी तिकडे कंटेनरची रांग नसते. तो म्हणाला, "मेल-बिल आला नव्हता का आधी?" मी म्हणाले, "आला होता." नदी आली, चिंबळी फाटा गेला.

खानावळ गुरुवारी एकाच वेळी चालते, दुपारी. साबुदाण्याची खिचडी आणि ज्यांचा उपास नाही त्यांना वरणभात. आम्ही पोचलो तेव्हा ते उरकलं होतं. अक्का बाकावर मांडी घालून लसूण सोलत होती. मला बघून जागा करून दिली आणि अर्धा लसूण माझ्यापुढे सरकवला.

"काल काय झालं तुझ्या मशिनीला? पोरं दाबूलालते, दाबूलालते, अन् इकडं आकडा हलंना."

मी सांगितलं. फुकटचे तास, सोमवारचा मेल, मांडलेलं गणित. नवरा आत दिरांकडे जाऊन बसला, ते बरं झालं. सांगून झालं तरी ती लसूणच सोलत होती.

"म्हंजे सोमवारी कळलं होतं तुला."

"हो."

"मग सांगितलं का न्हाईस? मी पूर्वीसारखं ग्रुपवर विचारून घेतलं असतं."

उत्तर तिनंच दिलं.

"पिंपळे गुरवला गेलीस तवाबी असंच. बोलली न्हाईस. टेम्पो आला सामान न्यायला, तवा कळलं मला." तिनं सालं फुंकून उडवली. "जायचं होतं तर जायचं. मी काय धरून ठेवणार होते? तुला सांगायचं जड जातं, तेवढंच तुझं वाईट."

इतकी वर्षं मी ज्याला घाबरत होते ते एवढंसं होतं, आणि ते तिनं लसूण सोलता सोलता सांगून टाकलं. मी रडले नाही. म्हणाले, "अक्का, आईंचं सगळं तुम्ही केलं. मला होत नव्हतं."

"दिसत होतं की," ती म्हणाली. "बरं, आता मशिनीचं बोल. पुढच्या बुधवारी काय?"

मी लॅपटॉप उघडला. ती म्हणाली, त्यातलं मला दाखवू नको, तोंडानं सांग. तेव्हा मी क्लाउड होस्टिंग, म्हणजे अ‍ॅपसाठी भाड्याची जागा घेणं, तिला कुरुळीच्या भाषेत समजावून सांगितलं, आणि खरं सांगायचं तर सांगता सांगता ते मलाही पहिल्यांदा स्पष्ट दिसलं.

कुरुळीत कामगारांना खोल्या मिळतात त्या दोन-तीन तऱ्हेच्या. सगळ्यात स्वस्त कॉट बेसिस: एका खोलीत आठ-दहा जण, आणि एकाच कॉटवर दिवसा रात्रपाळीवाला झोपतो, रात्री दिवसपाळीवाला. माझ्या क्लासची वेबसाइट अशाच जागेवर आहे, एका संगणकावर शेकडो जणांच्या साइट कोंबलेल्या. नुसती माहिती दाखवायची असेल तर झकास. पण तिथे आपल्याला भिंतीत खिळा ठोकता येत नाही. आपल्या मनाचा प्रोग्रॅम चालवता येत नाही, आणि शेजाऱ्यानं गोंधळ घातला की आपली झोप गेली.

दुसरी तऱ्हा मोठ्या नावाच्या क्लाउडची. तिथे सगळं मिळतं, हवं तेव्हा वाढतं, हवं तेव्हा कमी होतं. पण लॉजसारखं, पलंगाचे वेगळे, बादलीचे वेगळे, दार उघडल्याचे वेगळे, आणि बिल नंतर येतं, डॉलरमध्ये. मोठ्या कंपनीला परवडतं, कारण तिच्याकडे ते बिल वाचायला माणसं असतात.

"अन् ते फुकटवालं?"

"ते काल बघितलंत."

"फुकट जेवणाऱ्याला मी कधी वाढते?" अक्का म्हणाली. "सगळ्यांचं झाल्यावर. उरलं तर. तू शिकलेली बाई, तुला एवढं ध्यानात आलं न्हाई?"

हे मात्र लागलं. पण ती हसत होती.

मग मी तिला चौथी तऱ्हा सांगितली. लहानशी का होईना, स्वतंत्र खोली. भाडं दरमहा ठरलेलं, कितीही वेळा दार उघडा-झाका. झोपत नाही. मात्र झाडलोट आपली, कुलूप आपलं, गळकं छप्परही आपणच बघायचं. आपल्या पोरांची गर्दी आपल्याला जगबुडी वाटली तरी संगणकाच्या मानानं ती किरकोळ. सगळ्यात छोटी खोली पुरेल. मी तीन कंपन्या बघून ठेवल्या होत्या. त्यातली एक रुपयांत बिल देणारी, फोनवरून पैसे घेणारी, आणि तिचे संगणक मुंबईत ठेवलेले, म्हणजे पोरांचं दाबणं परदेशात जाऊन परत येणार नाही.

"भाडं किती?"

"बुधवारची तीन चिकन ताटं. महिन्याला."

तिनं मान हलवली. "मग घ्यायचं."

"मी भरते," मी घाईनं म्हणाले. "ते माझ्याकडं राहू द्या."

तिनं माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, तिला तेव्हा सगळं कळलं. मी अ‍ॅप का केलं, फुकटच का हवं होतं, आणि आता भाडं मीच का भरायला बघते.

"माझ्या खानावळीचं भाडं तू का म्हणून भरणार? शेडचं भरते का तू? गॅसचं भरते?" तिनं आतून फोन आणला आणि माझ्या हातात दिला. "माझ्या नावावर घे. ते आकडे येतात ना फोनवर, ते माझ्याच फोनवर येऊ दे. तू काम बघ."

खातं तिच्या नावावर काढलं. ओटीपी आला तो तिनं मोठ्यानं वाचून दाखवला, तारीख वाचावी तसा. शेवटी त्या पानानं मशीनसाठी नाव मागितलं.

"नाव कशाला?"

"पुढं दोन-चार झाली तर ओळखायला."

"चूल लिही," ती म्हणाली.

ते मशीन आजही त्याच नावानं चालतं.

पुढचे दिवस मी जे काम केलं त्याचा मला अभिमान आहे, आणि हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. मी स्वतःच्या कामाबद्दल कधी बोलत नाही. ओळखीतल्या बायका हिंजवडीत मोठ्या कंपन्यांत आहेत. त्यांच्यापुढे क्लासवाली बाई काय बोलणार. पण ती छोटी खोली मी अशी लावली की कुणीही येऊन बघावी. बाहेरची नको ती सगळी दारं बंद केली. प्रोग्रॅम कोसळला तर आपोआप उठून उभा राहील असं केलं. टॅबलेटवर आकड्याखाली एक छोटी ओळ आणली, आकडा किती वेळापूर्वीचा आहे ते सांगणारी, आणि तो जुना झाला की रंग लाल. जुना आकडा नव्यासारखा दिसावा, ही पहिल्या वेळची खरी चूक होती, आणि ती फुकटच्या जागेची नव्हती, माझी होती. साठलेल्या माहितीची रोजची नक्कल, म्हणजे बॅकअप, दुसऱ्या जागी जाऊ लागली, आणि रविवारी, माझ्या रविवारी, ती नक्कल दुसऱ्या संगणकावर उघडून बघितली. उघडून बघितल्याशिवाय नक्कल आहे म्हणायला अर्थ नाही, हे मी मुलांना नेहमी सांगते. स्वतः पहिल्यांदा पाळलं.

मशीन स्वतःची डागडुजी आठवड्यातून एकदा करतं. ती कधी करायची हे विचारणाऱ्या खान्यात रविवारची पहाट आधीपासून भरलेली होती. ती खोडून मी गुरुवारची संध्याकाळ लिहिली.

पुढच्या बुधवारी संध्याकाळची बॅच सकाळी घेतली आणि कोठीशेजारी स्टूल टाकून बसले. अक्का परातीपुढे. साडेपाचपर्यंत आकडा सावकाश चढत होता, मग काही वेळ थांबला. अक्कानं मान वर केली.

"अडकला का?"

"नाही. गेटवर आहेत."

मी घड्याळाकडे बघितलं नाही, मशीनचा आलेख बघत होते. सरळ रेघ होती. मग रेघ उठली. कुठल्यातरी गेटवर कप्पे उघडले होते, पोरं बसच्या पायरीवर होती, आणि आकडा आमच्या डोक्यावर टपाटप बदलत होता, एकेक करून, एकही दुबार नाही, एकही वाया नाही. मशीनला घामही फुटला नाही. अक्का आकडा बघायची आणि परातीत पीठ ओढायची, बघायची आणि ओढायची. दीर चिकनवाल्याला फोन करून सांगत होते, अजून दोन किलो पाठव. आधीच्या बुधवारी ढाब्यावर गेलेलं एक पोरगं दारातून वाकून म्हणालं, "काकू, आज आहे ना?"

"बटण दाबलंस का?"

"दाबलं की."

"मग हाय. बस."

त्या रात्री मीही तिथेच जेवले. नवऱ्याशेजारी, बाकावर, पोरांच्या पंगतीत. तो म्हणाला, "आज तुझापण शनिवार." त्यानंतर मी क्लासची सुट्टी बदलली. विद्यार्थ्यांच्या आईवडिलांनी कुरकुर केली, मग सवय झाली. आता आमच्या घरात रविवार एकच आहे आणि तो गुरुवारी येतो.

चूल आता एकटी राहिलेली नाही. निघोजे, म्हाळुंगे, खराबवाडीकडच्या खानावळवाल्या बाया अक्काच्या भिंतीवरचा आकडा बघून गेल्या आणि विचारायला लागल्या. आणखी एक खोली घ्यावी लागली, थोडी मोठी. ती माझ्या नावावर आहे. दर वेळी कुणी भेटायला आलं की मी अक्काकडेच बोलावते, कारण मला अजूनही स्वतःचं काम स्वतः सांगता येत नाही.

गेल्या आठवड्यात अशीच एक बाई आली होती. शेडमध्ये उभी राहून बराच वेळ टॅबलेटकडे बघत होती. मी मागे मेथी निवडत होते. तिनं अक्काला विचारलं, "हे करणारी बाई कोण? लई घेते का?"

"ती व्हय?" अक्का भाकरी थापत म्हणाली. "आमच्या घरातली हाय ती. धाकटी जाऊ माझी."

"मग तुला फुकट असंल."

"न्हाई बाई. फुकट काय नगं आमाला. मशिनीचं भाडं मी भरते, अन् तिला दर बुधवारी जेवू घालते." भाकरी तव्यावर पडली. "तुला मात्र तिचे पैसे पडतील. तिचं काम बगितलंस न्हवं?"

बाईनं मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी मेथीचे हात पदराला पुसले, उठून पुढे गेले आणि माझा दर सांगितला.